मिनिटभर कुणी हलू नका

मी एक माईक बोलतोय. कॉलरला चिमट्यानं लावतात तो, बोराएवढा. सभेत पुढाऱ्याच्या तोंडासमोर मान ताठ करून उभे असतात ते आमच्यातले थोरले. आम्ही धाकटे, शर्टाच्या आडोशाला राहणारे. माझ्यात आजवर शेकडो माणसं बोलली. लग्नातले नवरे बोलले, शाळेच्या समारंभातली मुलं बोलली, टायरच्या जाहिराती करणारे बोलले. पण तू काय ऐकलंस, असं मला कुणी विचारलं नाही. आता कुणी विचारील ही आशाही राहिलेली नाही, म्हणून न विचारताच सांगायला बसलोय.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. आकाश कसं होतं, जनावर केवढं होतं, रक्त किती सांडलं, ते मला विचारू नका. मी सांगेन ते फक्त ऐकलेलं. पण कान माझे तिखट आहेत. माणूस खोटं बोलणार असेल तर आधी आवंढा गिळतो, आणि तो आवंढा मला ऐकू येतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. लांबलचक टेबलावर आम्ही दोनशे भावंडं होतो आणि एक बाई एकेकावर फुंकर मारून आम्ही जिवंत आहोत का ते बघत होती. ती फुंकर ही मी ऐकलेली पहिली गोष्ट. मग डबी, मग जहाज, मग कुवैतमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली काचेचं कपाट. तिथं गिऱ्हाईक यायचं, 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हणायचं आणि भाव करायचं. मला या 'हॅलो हॅलो'चा मनस्वी कंटाळा आला होता.

सिराज मुकादम आला तो मात्र निराळा. श्रीवर्धनचा माणूस, आवाज जाडसर, सिगारेटीनं थोडा फाटलेला. त्यानं मला हातात घेतलं, कानाला हेडफोन लावले आणि दुकानदाराला म्हणाला, "भाई, दो मिनट चूप बैठो." दुकानदार चूप बसला. सिराजही चूप. मी त्या दोन मिनिटांत दुकानाची शांतता ऐकली आणि त्यानं माझ्यातून ती ऐकली. "हा बरा आहे," तो स्वतःशीच मराठीत म्हणाला, "गप्प बसायला येतं ह्याला." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ते पुढं इतकं महाग पडेल असं मला वाटलं नव्हतं.

सिराज कुवैतच्या शुवैख भागात बू नासरकडं कामाला होता. बू नासर म्हणजे नासरचा बाप. कुवैतमध्ये मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्याचं खालच्या मजल्यावर टायरचं गोदाम आणि वर आमचा स्टुडिओ. स्टुडिओ हा त्याचा धंदा कमी आणि हौस जास्त. सिराजचा इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, बू नासरच्या नावावर, आणि सिराजच्या मुलीचा, आफियाचा, सिराजच्या. हे सिराज कधी बोलून दाखवायचा नाही. पण बू नासरच्या चपला जिन्यात वाजल्या की त्याची खुर्ची मागं सरकायची, ती मी रोज ऐकायचो.

बू नासरला शिकारीचा नाद. वर्षातून एकदा तो टांझानियाला जायचा आणि सिराजला कॅमेऱ्यासकट बरोबर न्यायचा. परत आल्यावर सिराजनं दीड महिना बसून त्याची फिल्म करायची आणि बू नासरनं ती आपल्या दिवाणियात दाखवायची. दिवाणिया म्हणजे घरातली पुरुषमंडळींची बैठक. संध्याकाळी भाऊबंद, मित्र जमतात, चहा पितात, गप्पा मारतात. बाकीच्यांच्या बैठकीत फुटबॉल लागतो, बू नासरकडं मरणारी जनावरं लागायची.

तिकडं मी बू नासरच्या कॉलरला असायचो. त्याचं पोट, त्याचा श्वास, बंदूक उचलताना पुटपुटलेलं बिस्मिल्ला, सगळं माझ्या बोटभर अंतरावर. मला एक केसाळ टोपी घालायचे, वारा लागू नये म्हणून. उन्हात ती टोपी घालून बसणं काय असतं ते माझं मला माहीत.

जनावर एका गोळीत मरतं ते फक्त फिल्ममध्ये. मी ऐकलंय ते असं नाही. पहिली गोळी लागते, मग धावण्याचा आवाज, मग दुसरी, मग तिसरी, आणि मग एक घरघर. ती कधीकधी अर्धा तास चालते. ती घरघर चालू असताना माणसं पाण्याच्या बाटल्या उघडतात, बायकोला फोन लावतात. सिराजचं काम हे सगळं काढून टाकायचं. गोळी, आणि जनावर आडवं. मधलं काहीच नको.

पण आवाज काढणं चित्र काढण्याइतकं सोपं नसतं. आवाज कापला की तिथं भोक पडतं. नुसती पोकळी. बघणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही, पण त्याचा कान तिथं ठेचकाळतो. म्हणून सिराजची एक रीत होती. ज्या जागी शूटिंग, त्या जागेची मिनिटभर शांतता तो आधी भरून घ्यायचा. सगळ्यांना हात करून सांगायचा, "एक मिनट कोई हिलेगा नहीं." मग त्या मिनिटाचे तुकडे करून तो भोकांना ठिगळं लावायचा. ठिगळ त्याच रानाचं असलं की दिसत नाही. या कामात त्याचा हात धरणारा साऱ्या शुवैखमध्ये कुणी नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

अडचण एवढीच होती की माणसाला मिनिटभर गप्प बसता येत नाही. बू नासर गुडघा हलवायचा. गोरा गाईड घड्याळाशी चाळा करायचा. सिराजला स्वतःला खोकला. शांतता भरायची तर मला कुणाच्या तरी हातात द्यायला हवं, आणि न हलणारा माणूस तिथं एकच होता, हमिसी.

हमिसी हा माग काढणारा. जनावराची पावलं, मोडलेलं गवत, ओलं शेण, यांवरून तो सांगायचा की कळप कधी गेला आणि कुठं गेला. त्याचा बाप हेच करायचा, आता त्याचा धाकटा मुलगा सलूम शिकारीच्या कॅम्पवर हेच शिकत होता. तरुणपणी हमिसीनं टांगा नावाच्या गावात एका कच्छी माणसाच्या दुकानात बारा वर्षं काढली होती, त्यामुळं त्याला हिंदी यायचं. त्या रानात सिराजशी हिंदीत बोलणारा तो एकटाच. दुपारी दोघं एका चटईवर नमाज पढायचे आणि नंतर एकाच डब्यातल्या खारका खायचे. सिराज त्याचे फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवायचा आणि हमिसी म्हणायचा, "घरवाली पूछती है, ये बूढा कौन है."

मला तळहातावर घेऊन हमिसी उभा राहिला की पानसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हलायचं. फक्त त्याचं नाक वाजायचं. लहानपणी गाढवाची लाथ बसून ते मोडलं होतं म्हणे. श्वास बाहेर पडताना बारीक शीळ यायची. सिराजला पहिल्या वर्षी ती फार खटकली. कॉम्प्युटरवर बसून त्यानं ती शीळ वेचून काढायचा प्रयत्न केला, पण शीळ काढली की पानांची सळसळही जायची. मग त्यानं नाद सोडला. ती इतकी बारीक होती की कुणाच्या लक्षात येणार नव्हती. पुढं पुढं ती सिराजलाही ऐकू येईनाशी झाली. रोजचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. मुमताज घरी हेच सांगायची.

मुमताज सिराजची बायको. ती इस्पितळात कान तपासायचं काम करते. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, ऐकू आलं की बोट वर करा. एगैला भागात एका कुवैती घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. सिराज आपलं काम पुरं झालं की लॅपटॉप घरी आणायचा, मलाही खिशातून आणायचा, आणि शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मुमताजला हेडफोन लावून बसवायचा. तिनं डोळे मिटायचे. जिथं जोड ऐकू येईल तिथं बोट वर करायचं. बोट वर गेलं की तिची बांगडी मनगटावरून सरकायची, तेवढ्यावरून मला कळायचं. आफिया शेजारी बसून म्हणायची, "आय कान्ट हिअर एनीथिंग, पप्पा." आणि मुमताज म्हणायची, "बाय, तू गप ऱ्हा. हितं काय तरी आहे." सिराज ती जागा पुन्हा शिवायचा. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणजे ते शुक्रवार.

पहिल्या वर्षीची फिल्म दिवाणियात लागली तेव्हा बू नासरचं बोलणं भरून घ्यायला सिराजनं मला तिथं नेलं होतं. फिल्ममध्ये सगळ्यात पुढं हमिसी चाललेला, त्याच्यामागं बू नासर. ते तसंच असतं. माग काढणारा पुढं नसेल तर शिकारी जाणार कुठं? पण बू नासरच्या एका म्हाताऱ्या चुलत्यानं विचारलं, "नासरच्या बापा, शिकार तुझी की ह्या पुढच्या माणसाची?" बैठक हसली. बू नासरही हसला, पण त्याचा श्वास माझ्या अंगावर होता, त्यात हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चपला वाजल्या. "सिराज," बू नासर म्हणाला, "मेरे आगे कोई नहीं. समझा?"

सिराजला समजलं. त्यावर त्यानं तोड काढली. रानात हमिसी नेहमीसारखा पुढं चालायचा. सिराजला साहेबाचा शॉट हवा झाला की तो हळूच सांगायचा, हमिसी, फ्रेममध्ये येतोयस. हमिसी वाटेवरून बाजूला व्हायचा, गवतात उभा राहायचा. बू नासर दहा-बारा पावलं एकटा पुढं चालायचा, बंदूक उचलून. शॉट झाला की हमिसी पुन्हा पुढं. दुसऱ्या वर्षीच्या फिल्ममध्ये बू नासर अख्ख्या आफ्रिकेत एकटाच फिरतोय असं वाटलं. म्हातारा चुलता माशाल्ला म्हणाला.

आता तिसऱ्या वर्षाचं सांगतो. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, पण थांबून चालणार नाही.

त्या सकाळी आधी शांतता भरून झाली होती. हमिसीनं मला हातात धरलं, कवडे घुमत होते, आणि त्याचं नाक संथ वाजत होतं. मग मी बू नासरच्या कॉलरवर गेलो. तासाभरानं रानरेड्यांचा कळप सापडला. गाईड 'थांब, थांब' म्हणत असतानाच बू नासरनं गोळी झाडली. रेडा पडला नाही. उंच गवतात गेला. आणि मग सगळ्यांचे आवाज बदलले. जखमी रेडा पळून जात नाही, तो वळून येतो आणि वाटेच्या कडेला लपून बसतो, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. गाईडनं अर्धा तास थांबवलं. मग निघाले. नियम एकच, आणि तो हमिसीनंच सगळ्यांना दोनदा सांगितला: वाट सोडायची नाही.

हमिसी पंधरा पावलं पुढं. रक्त बघत, थांबत, चालत. मागं बू नासर, आणि त्याच्या उजव्या खांद्यामागं सिराज. गाईड सगळ्यात मागं. बू नासरचं काळीज इतकं जोरात चाललं होतं की मला दुसरं काही ऐकायला कष्ट पडत होते. पण ऐकलं. सिराजचा आवाज होता, रोजचा, हळू, कामातला. त्यानं हमिसीला सांगितलं की तू फ्रेममध्ये येतोयस, वाट सोड, डावीकडं हो.

सिराजच्या मनात काय होतं, ते मी त्याच्या आवाजावरून सांगू शकतो. काहीच नव्हतं. दोन वर्षांची सवय होती. डोळा कॅमेऱ्याला लावला की त्याला रान दिसत नाही, चौकट दिसते. रेडा चौकटीत नव्हता, म्हणजे नव्हताच.

हमिसीनं मागं वळून दोन शब्द उच्चारले आणि वाट सोडली. जखमी जनावरामागं चाळीस वर्षं न सोडलेली वाट त्यानं सोडली, कारण सांगणारा त्याच्या चटईवरचा माणूस होता. गवतात चार पावलं वाजली. मग गवत फाटलं. हमिसी ओरडला नाही. त्याच्या छातीतला सगळा वारा एकदम बाहेर पडला, तेवढंच. मग बू नासरची बंदूक, गाईडची बंदूक, पुन्हा बू नासरची. रेडा मेला. घरघर बराच वेळ चालू होती, आणि ती रेड्याची नव्हती.

त्या दिवशी 'एक मिनट कोई हिलेगा नहीं' म्हणायची कुणाला गरज पडली नाही.

गाईडनं त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणून मला ठाऊक. माग काढणारा हमिसी कुणाच्याही आज्ञेवाचून वाट सोडून गवतात शिरला. गाईडला हिंदी येत नव्हतं, त्याच्या मते ते खरंच होतं. साक्षीदार म्हणून सही करताना सिराजनं काय केलं? त्यानं आवंढा गिळला.

बू नासरला मात्र हिंदी कळायचं. कुवैतला परत आल्यावर तो स्टुडिओत आला, खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ माळेचे मणी ओढत राहिला. "सिराज, वो वाला पूरा निकालो," तो म्हणाला. "किसी को नहीं दिखाना. मैं तेरे वास्ते बोलता है. तेरे वास्ते." मग सिराजच्या पाठीवर थाप पडली. तो वाईट माणूस नव्हता असं मी म्हणेन. त्यानं सिराजला वाचवलं. आणि वाचवलेला माणूस आयुष्यभर आपला असतो, हेही त्याला माहीत होतं. चपला जिना उतरून गेल्या तरी सिराजची खुर्ची जागची हलली नाही.

फिल्म झाली. तिच्यात हमिसी कुठंच नव्हता, पहिल्या दिवसापासून नव्हता. आणि हे सिराजला सुचलंही नसेल, पण त्या फिल्ममधल्या प्रत्येक ठिगळात हमिसीचं नाक वाजत होतं.

तीन आठवड्यांनी हमिसीच्या मुलीचा आवाज आला. जुहुरा तिचं नाव. ती गावच्या शाळेत शिकवते, इंग्रजी स्वच्छ बोलते. बापाच्या फोनमधून सिराजचा नंबर शोधून तिनं बोलून निरोप पाठवला होता. सिराजनं तो स्टुडिओत दार लावून ऐकला, तीनदा ऐकला.

"अंकल," ती म्हणत होती, "कॅम्पवाले म्हणतात, बाबांनी नियम मोडला. इतर माग काढणारे म्हणतात, म्हातारा बेफिकीर झाला होता. सलूमला त्यांनी कामावरून काढलं, बेफिकीर घरातला मुलगा नको म्हणाले. माझे बाबा वाट सोडणारे नव्हते. तुम्ही शूटिंग करत होता. ते वाट सोडतात तेवढा तुकडा मला पाठवा. त्यांना कुणी सांगितलं नसेल तर आम्ही मान्य करू आणि गप्प बसू. पण आम्हाला कळू द्या."

एवढंच मागणं होतं. पैसे नकोत, माफी नको. तुकडा हवा होता.

सिराजनं मूळ शूटिंग काढून टाकलं नव्हतं. फिल्म जोडणाऱ्यांची जात मूळ कधी टाकत नाही. त्यानं ते काढलं, हेडफोन लावले, आणि पहिल्यांदाच तो क्षण बसून ऐकला. मी टेबलावर होतो. हेडफोनमधून बाहेर सांडलेला त्याचाच आवाज मला ऐकू आला, मग हमिसीचे दोन शब्द. सिराजनं तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. खाली गोदामात टायर आपटत होते. मग माऊस टिकटिकायला लागला, आणि मला कळलं तो काय करतोय. इतकी वर्षं मी त्याच्या टेबलावर होतो. कापण्याची टिकटिक मी ओळखतो.

त्यानं आपलं बोलणं कापलं. लगेच मागोमाग हमिसीचं बोलणं होतं, उत्तर राहिलं तर प्रश्नही कळला असता, म्हणून तेही कापलं. चार सेकंदांचं भोक पडलं. त्याला त्यानं त्या सकाळची शांतता लावली.

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. ते काम माझं नाही. माझ्यातून आवाज आत जातो, माझा बाहेर येत नाही.

शुक्रवारी त्यानं मुमताजला हेडफोन लावले. या खेपेला नुसतं ऐकायचं होतं, चित्र झाकलेलं. तुकडा चाळीस सेकंदांचा. बांगडी सरकली.

"हितं," मुमताज म्हणाली. "कोण तरी जवळ श्वास घेतंय."

"वारा असेल."

"वाऱ्याला नाक नसतं," ती म्हणाली. "काय काढलंत हितनं?"

सिराजनं आवंढा गिळला. "काय नाही. बू नासर शिंकला होता."

"परत शिवा मग."

त्यानं शिवलं नाही. त्याला तिथं शीळ ऐकूच येत नव्हती, मी सांगितलं ना. त्याला वाटलं, मुमताजचा कान आज जरा जास्तच तपासतोय. त्याच दुपारी त्यानं तुकडा जुहुराला पाठवला आणि खाली लिहिलं, ते त्यानं ओठांत पुटपुटत लिहिलं: त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, मला फार वाईट वाटतं.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे घरीच होते. आफिया आतल्या खोलीत शाळेचं काहीतरी मोठ्यानं पाठ करत होती. फोन वाजला, आणि मुमताज जवळ होती म्हणून तिनंच निरोप लावला.

"अंकल, तुकडा आम्ही सगळ्यांनी बसून बघितला," जुहुरा म्हणाली. तिचा आवाज शिक्षिकेचा होता, एकेक शब्द जागेवर ठेवणारा. "बाबा तुमच्यापासून लांब चाललेत, पाठमोरे. ते वाट सोडतात तिथं त्यांचं नाक वाजतं, अगदी कानाशी. मी आईला ऐकवलं. आई म्हणाली, हे तेच. आम्ही सगळी मुलं त्या शिळेवर झोपलोय. मला एवढंच विचारायचं आहे. बाबा तिकडं लांब होते, तर त्यांचा श्वास तुमच्याजवळ कसा?"

खोलीत एसीची घरघर होती आणि आफियाचं पाठांतर.

मुमताजनं लॅपटॉप ओढला. तिनं तुकडा लावला, या वेळी स्पीकरवर, चित्र उघडं ठेवून. ती जागा आली. बांगडी सरकली आणि वरच राहिली.

"कुणाचा आवाज काढलात?" तिनं विचारलं.

"माझा," सिराज म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, आफियाला ऐकू जाऊ नये म्हणून. फ्रेम, वाट, गवत, गाईडचा कागद, त्याची स्वतःची सही.

"त्याचं शेवटचं बोलणं पण काढलंत," मुमताज एवढंच म्हणाली. आणि मग, "सांगा तिला."

"आणि मग? बू नासरच्या नावावर आहे सगळं. आफियाची शाळा आहे."

"मला माहीत आहे काय काय आहे ते. सांगा."

सिराजनं मला फोनला जोडलं. कशाला ते मला अजून कळलेलं नाही. फोनला स्वतःचा कान असतो. कदाचित हातांना काहीतरी करायला हवं होतं. त्यानं मला ओठांजवळ धरलं आणि बटण दाबलं. मी वाट बघत होतो. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्याचा श्वास आला, गेला. ओठ सुटे झाले, पुन्हा मिटले. एसी, आफिया, खाली रस्त्यावर एक गाडी. मिनिट झालं. त्यानं बोट उचललं आणि ते मिनिट तसंच निघून गेलं.

"गेलं," मुमताज म्हणाली.

उत्तर लगेच आलं. "अंकल, मला कळलं," जुहुरा म्हणाली. तिथं तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पण कॅम्पवाल्यांना असं गप्प राहिलेलं ऐकवून चालत नाही. सलूमसाठी तोंडानं सांगाल? एकदाच?"

सिराजनं फोन उपडा ठेवला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं नंबर बदलला.

याला वर्ष होत आलं. सलूम आता कुठं आहे, मला माहीत नाही. गाईडचा कागद मात्र आहे तिथंच असणार, कागदांना कोण हलवतो. सिराज नवा माईक घेऊन आला. घेताना त्यानं दुकानात 'हॅलो हॅलो' केलं म्हणे. पुढच्या महिन्यात ते पुन्हा शिकारीला निघालेत. शुक्रवारी लॅपटॉप घरी येतो, पण मुमताज आता हेडफोन लावत नाही. "माझे कान दुखतात," म्हणते. एकदा आफिया म्हणाली, "पप्पा, आय विल लिसन," तर सिराज तिच्यावर खेकसला. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मी एका पत्र्याच्या डब्यात आहे, जुन्या सेलांबरोबर. केसाळ टोपीला बुरशी आली आहे. सेल पाझरायला लागलेत, तो चिकट रस माझ्या तारेपर्यंत आला की माझंही संपलं. मला त्याचं फारसं वाटत नाही. मी सिराजला शिव्या देत नाही, तेही सांगून ठेवतो. त्याच्या हातानं मला गप्प बसायला निवडलं आणि मी गप्प बसलो. आम्ही दोघं सारखेच.

पण जायच्या आधी एकदा तोंड उघडतोय. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं, आणि शाळेत शिकवणारी जुहुरा नावाची मुलगी भेटली, तर तिला सांगा की तिचा बाप बेफिकीर नव्हता. त्याला सांगितलं होतं. मी बू नासरच्या कॉलरवर होतो, मी ऐकलंय. सिराज म्हणाला, "हमिसी, फ्रेम में आ रहा है तू. रस्ता छोड, बाएं हो. और थोडा."

आणि हमिसी म्हणाला, "अच्छा, भाई."